स्क्रिप्टला न जुमानणारे सिनेमे

एक काळ असा होता की थिएटरात 'भारतीय समाचार चित्र' सुरू झालं की माणसं खारे दाणे आणायला बाहेर पडायची. पडद्यावर धरण, पूर, मंत्री, फीत कापणं आणि मागून एक खर्जातला आवाज. सरकारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं. त्याची रिळं दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं, आणि सक्तीची गोष्ट कुणाला आवडते? माहितीपट म्हटलं की जांभई, हे समीकरण तेव्हा बसलं ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

वास्तविक माहितीपटाइतका बेभरवशाचा सिनेमा दुसरा नाही. समोरचा माणूस काय बोलेल हे दिग्दर्शकाला ठाऊक नसतं, पैसे मध्येच संपतात, ऐन मोक्याला कॅमेरा बिघडतो आणि ऑक्टोपस काही रीटेक देत नाही. ठरवलेलं फिसकटतं आणि त्यातूनच कधी कधी अस्सल सिनेमा निघतो. असेच काही आवडते माहितीपट, त्यांच्या पडद्यामागच्या गमतींसकट.

कुस्ती, रँग्लर आणि वाटाणा

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचंही चित्रण सावेदादांनी केलं. भारतातला पहिला बातमीपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे आपल्याकडे कॅमेरा ज्याच्या मागे धावला तो पहिला 'सेलिब्रिटी' चक्क गणिताचा माणूस होता!

दादासाहेब फाळक्यांनी तर माहितीपटावर भांडवल उभं केलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा पट. बी रुजून बघता बघता वेल वर चढतो हे पाहून पैसेवाला माणूस गार झाला, आणि 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) मार्ग मोकळा झाला. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही फाळक्यांनी १९१७ मध्ये काढला. त्याचा वाचलेला तुकडा जरूर बघा, त्यात खुद्द दादासाहेब काम करताना दिसतात.

सिगारेटने जाळलेला सिनेमा

रॉबर्ट फ्लाहर्टी हा मुळात कॅनडाच्या उत्तरेत खनिजं शोधत फिरणारा माणूस. तिथल्या इनुइट लोकांचं त्याने भरपूर चित्रण केलं. १९१६ मध्ये टोरंटोत संकलन करताना त्याच्या हातची सिगारेट निगेटिव्हवर पडली आणि सुमारे ३०,००० फूट फिल्म भस्म झाली. पठ्ठ्या खचला नाही. केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीकडून पैसे मिळवून तो परत गेला आणि त्यातून १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' जन्मला.

आता त्यातली लबाडी ऐका. नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, अल्लाकारिअल्लाक होतं. पडद्यावरची त्याची बायको ही त्याची बायको नव्हती. शिकारीला तोवर बंदुका आल्या होत्या, पण फ्लाहर्टीला हवे होते भाले. आणि इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धा कापलेला इग्लू बांधला गेला. त्या कुटुंबाने अक्षरशः उघड्यावर कुडकुडत 'झोपेचा' अभिनय केला.

का बघावा: शंभर वर्षांनंतरही बर्फातला तो माणूस पडद्यावरून आपल्याकडे बघून हसतो, तेव्हा खरं-खोटं विसरायला होतं. आणि नंतर पुन्हा आठवतं.

लेमिंगांची बदनामी

लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थव्याने समुद्रात उडी मारून जीव देतात, असं तुम्ही कुठे ऐकलं असेल, तर त्याचं बरंचसं श्रेय डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस'ला (१९५८) द्या. या माहितीपटाला ऑस्करही मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने भांडं फोडलं. चित्रण झालं ते अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रही नाही आणि हे लेमिंगही नाहीत. प्राणी विकत आणले होते, फिरत्या चकतीवर ठेवून त्यांचा 'थवा' केला होता आणि कड्यावरून त्यांना चक्क ढकललं होतं. समुद्र म्हणून जे दिसतं ती नदी.

का बघावा: निसर्गपट बघताना 'हे खरंच असं घडलं असेल का?' असं विचारायची सवय लागते. एवढा फायदा पुष्कळ झाला.

देशाएवढ्या वयाची पोरं

जांभई आणणाऱ्या त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये काही भन्नाट वेडे नोकरीला होते. एस. एन. एस. शास्त्री हे त्यांतले एक. १९६७ मध्ये स्वातंत्र्याला वीस वर्षं झाली. सरकारी खात्याकडून अपेक्षा काय, तर झेंडा आणि प्रगतीचे आकडे. शास्त्रींनी १९४७ मध्ये जन्मलेल्या पोरापोरींना गाठलं आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं? 'आय ॲम ट्वेंटी' नावाच्या या लघुपटात कुणी भारावलेलं आहे, कुणी वैतागलेलं, कुणाला देशाशी फारसं देणंघेणंच नाही. सरकारी पैशातून इतका मोकळा सिनेमा निघाला याचं आजही नवल वाटतं.

का बघावा: वीसेक मिनिटांत १९६७ चा भारत आपल्याशी गप्पा मारतो, तेही भाषण न ठोकता.

पैज हरला, बूट खाल्ला

जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग याने एरॉल मॉरिस नावाच्या होतकरू पोराला डिवचलं, तू तुझा सिनेमा पुरा केलास तर मी माझा बूट खाईन. मॉरिसने पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीवरचा 'गेट्स ऑफ हेवन' (१९७८) खरोखर पुरा केला. मग हेर्झोगने बर्कलेत आपला बूट लसूण आणि मसाले घालून पाच तास शिजवला. मदतीला होत्या 'शे पनीस' या नामांकित रेस्तराँच्या ॲलिस वॉटर्स. थिएटरात प्रेक्षकांसमोर त्याने तो कापून कापून खाल्ला. तळवा मात्र ठेवला. कोंबडीची हाडं आपण खातो का, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद. लेस ब्लँक याने या प्रकारावरच 'वेर्नर हेर्झोग ईट्स हिज शू' (१९८०) हा वीस मिनिटांचा माहितीपट केला.

का बघावा: शब्द पाळणारा माणूस चावताना बघायला मिळतो.

सिनेमाने सोडवलेला कैदी

त्याच एरॉल मॉरिसने पुढे काही काळ खासगी गुप्तहेर म्हणून काम केलं. नंतर तो टेक्ससमध्ये गेला तो एका मानसोपचारतज्ज्ञावर सिनेमा करायला. हा डॉक्टर कोर्टात साक्ष देऊन आरोपींना फाशीकडे धाडण्यासाठी प्रसिद्ध होता. तिथे मॉरिसला रँडल डेल ॲडम्स भेटला. पोलिसाच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली होती, ती नंतर जन्मठेपेवर आली. मॉरिसला वाटलं, याने खून केलेला नाही. डॉक्टर राहिला बाजूला आणि 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) तयार झाला.

सगळ्यात मोठी गंमत शेवटात आहे. खरा संशयित ज्या मुलाखतीत जवळजवळ कबुली देतो, नेमका त्या दिवशी कॅमेरा बिघडला. हाती फक्त आवाज. म्हणून पडद्यावर दिसतो तो निव्वळ एक टेपरेकॉर्डर, आणि त्या साध्या दृश्याने अंगावर काटा येतो. १९८९ मध्ये ॲडम्स सुटला. सुटल्यावर त्याने आपल्या कहाणीच्या हक्कांवरून मॉरिसवरच दावा ठोकला! आणि ऑस्करच्या यादीत या सिनेमाला साधं नामांकनही मिळालं नाही.

का बघावा: आज ओटीटीवर गुन्हेगारी माहितीपटांचा जो सुकाळ आहे, त्यांतल्या अर्ध्यांची बाराखडी इथली आहे.

हवेत पाऊण तास

७ ऑगस्ट १९७४. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये तार बांधून, जमिनीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, फिलिप पेटी नावाचा फ्रेंच माणूस पाऊण तास चालला. आठ फेऱ्या केल्या, मध्ये तारेवर आडवाही झाला. परवानगी अर्थातच नव्हती. रात्री साथीदारांनी एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर धनुष्यबाणाने दोरी पोचवली होती. शिक्षा काय झाली? सेंट्रल पार्कात मुलांसाठी फुकट खेळ करायचा.

'मॅन ऑन वायर' (२००८) या माहितीपटापुढची पंचाईत अशी की खुद्द त्या चालण्याचं चलच्चित्र नाही, फक्त फोटो आहेत. दिग्दर्शक जेम्स मार्श याने बँकदरोड्याच्या सिनेमासारखी सगळी पूर्वतयारी रंगवली आणि ऐन क्षणी स्थिर फोटो समोर ठेवले. श्वास तरीही रोखला जातो. पुढे २००१ मध्ये या मनोऱ्यांचं काय झालं, याचा सिनेमात एका शब्दानेही उल्लेख नाही. तो ज्याचा त्याने मनात करायचा. ऑस्करच्या मंचावर पेटीने ती सोन्याची बाहुली उलटी करून हनुवटीवर तोलून दाखवली.

मेलेला गायक बांधकामावर सापडला

डेट्रॉइटच्या रॉड्रिग्ज नावाच्या गायकाने १९७० आणि १९७१ मध्ये दोन अल्बम काढले. अमेरिकेत ते कुणी विकत घेतले नाहीत. तो मुकाट्याने घरं पाडण्या-दुरुस्तीच्या कामाला लागला. तिकडे वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याची गाणी घराघरांत वाजत होती, आणि त्याला पत्ताच नव्हता! तिथे वावडी अशी की त्याने मंचावरच जीव दिला. नव्वदच्या दशकात चाहत्यांनी शोध घेतला, तर गडी जिवंत. १९९८ मध्ये तो तिथे गायला गेला तेव्हा सभागृहं खचाखच भरली.

'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (२०१२) करता करता दिग्दर्शक मलिक बेंजेलूल याच्याकडचे पैसे संपले. उरलेली काही दृश्यं त्याने आयफोनवर, दोनेक डॉलरच्या ॲपने टिपली. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. एक कानगोष्ट: रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता, तिथे दौरेही करून आला होता. गोष्ट रंगावी म्हणून सिनेमाने ते सोयीस्करपणे गाळलं.

अर्धं तुझं, अर्धं माझं

उत्तर मॅसेडोनियातलं एक ओसाड गाव, वीज नाही, रस्ता नाही. तिथे हातिजे ही बाई म्हाताऱ्या आईबरोबर राहते आणि कड्याकपारीतल्या मधमाश्यांचा मध काढते. नियम एकच: अर्धा मध आपल्याला, अर्धा माश्यांना. शेजारी एक गोतावळ्याचं कुटुंब येतं, हाव सुटते आणि सगळं बिनसतं.

सरकारी मदतीने पर्यावरणावर छोटी फिल्म करायला आलेल्या दोघा दिग्दर्शकांना ही बाई सापडली आणि ते तीन वर्षं तिथेच गुंतले. चारशे तासांचं चित्रण जमलं. गंमत म्हणजे तिथे बोलली जाणारी तुर्की बोली त्यांना कळत नव्हती. त्यामुळे संकलन आधी आवाज बंद करून, नुसत्या चेहऱ्यांवरून झालं. 'हनीलँड' (२०१९) हा माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय कथापट अशा दोन्ही विभागांत ऑस्करचं नामांकन मिळवणारा पहिला सिनेमा ठरला. मिळालेल्या पैशातून चमूने हातिजेला घर घेऊन दिलं.

का बघावा: हाव म्हणजे काय हे दीड तासात, एकही उपदेश न करता समजतं.

आठ हातांची मैत्रीण

क्रेग फॉस्टर हा दक्षिण आफ्रिकेतला चित्रकर्मी कामाला पुरता कंटाळला होता. केपटाउनजवळच्या फॉल्स बे उपसागरात, थंडगार पाण्यात, पाणबुड्याचा पोशाख आणि प्राणवायूची टाकी न घेता तो रोज बुडी मारू लागला. तिथे एका ऑक्टोपसशी गट्टी जमली. पुढचं वर्षभर तो रोज तिला भेटला. एका प्रसंगात शार्क मागे लागतो, तेव्हा ही बया शिंपले अंगाभोवती ओढून दगडगोट्यासारखी बसते, आणि शेवटी थेट शार्कच्या पाठीवर स्वार होते. असा प्रसंग पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने हसून कागद परत केला असता. 'माय ऑक्टोपस टीचर'ला (२०२०) ऑस्कर मिळालं. जाता जाता: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं.

मालेगावचा सुपरमॅन

यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर हा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस 'मालेगाव के शोले' काढून गावात हिरो झाला. पुढची उडी थेट सुपरमॅनवर! नायक शफीक हा यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी, आणि हॉलिवूडच्या महागड्या उड्डाणांना उत्तर म्हणून हिरवा पडदा. हे सगळं उद्योगधंदे सांभाळून, पदरमोड करून.

फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या खटाटोपाची गोष्ट सांगतो. भारतात तो थिएटरात लागला २०१२ मध्ये. हसून हसून पोट दुखतं, आणि तोंडाच्या कॅन्सरने खंगलेला शफीक पुढे जगला नाही हे कळल्यावर तेच हसू घशात अडकतं. रीमा कागतींनी याच मंडळींवर नंतर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट केला, पण आधी मूळ मंडळींना भेटा.

रिळं राखणारा माणूस

भारतात सुमारे सतराशे मूकपट बनले. त्यांतले जेमतेम नऊ पी. के. नायर यांच्या धडपडीने हाती लागले, असं 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) सांगतो. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायर सरांनी देशभर फिरून डबे गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे नाशिकला पोचले, 'कालिया मर्दन'ची (१९१९) विस्कळित रिळं जुळवली. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. लहानपणी हे गृहस्थ सिनेमाची तिकिटंही जपून ठेवायचे. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांनी हा माहितीपट डिजिटलचा जमाना आला असताना हट्टाने फिल्मवर चित्रित केला. पुणेकरांनी तरी तो चुकवू नये.

चौदा वर्षं लागली

आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) विलास घोगरे हे शाहीर गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्याने घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले आणि चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. लांबी जवळपास तीन तास. इथे गंमत नाही, पण गाणी आहेत. शाहिरी अजून किती धगधगती आहे हे या सिनेमाइतकं दुसरीकडे क्वचितच ऐकू येतं.

आकड्यांची भेळ

• 'सेव्हन अप!' (१९६४): सात वर्षांची चौदा ब्रिटिश मुलं. एकदाच करायचा कार्यक्रम होता, पण दर सात वर्षांनी त्यांना पुन्हा भेटत भेटत मालिका '६३ अप'पर्यंत (२०१९) पोचली. जॉकी व्हायला निघालेला टोनी टॅक्सीवाला झाला आणि शेतकऱ्याचा निक अमेरिकेत प्राध्यापक.

• 'फ्री सोलो' (२०१८): ॲलेक्स होनोल्ड दोराशिवाय एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फुटांचा कडा ३ तास ५६ मिनिटांत चढला. खाली उभ्या कॅमेरामनला बघवेना, त्याने तोंड फिरवलं. कॅमेरा मात्र चालू होता.

• 'अपोलो ११' (२०१९): सुमारे ११,००० तासांचे आवाज चाळले, पण निवेदकाचा एकही शब्द घातला नाही.

• 'प्लॅनेट अर्थ २' (२०१६): शहरांच्या भागात आपली मुंबई आहे. नट कोण? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला अंधारात डुकरं धरणारे बिबटे.

• 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२): मुदुमलईतला रघू हत्ती, बोम्मन आणि बेळ्ळी. साडेचारशे तासांच्या चित्रणातून चाळीस मिनिटांचा सिनेमा आणि दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस यांना ऑस्कर.

• ऑस्करच्या दारात आपण त्याआधीही गेलो होतो: फली बिलिमोरियांचा 'द हाउस दॅट आनंद बिल्ट' (१९६८) आणि विधु विनोद चोप्रांचा 'ॲन एन्काउंटर विथ फेसेस' (१९७८). दोघांनाही लघु माहितीपटाचं नामांकन होतं.

सुरुवात कुठून?

घरात लहान मुलं असतील तर ऑक्टोपस आणि रघू. कॉलेजातली असतील तर 'आय ॲम ट्वेंटी', त्यांच्या आजी-आजोबांना शेजारी बसवून. थरार हवा असेल तर पेटी किंवा होनोल्ड, मात्र जेवणानंतर लगेच नको. जेमतेम वीस मिनिटं हाताशी असतील तर बूट. सबंध रविवार मोकळा असेल तर 'जय भीम कॉम्रेड'.

आणि एक करा. सिनेमा संपल्यावर नावं सरकू लागली की लगेच बंद करू नका. 'हे यांनी टिपलं कसं? किती दिवस थांबले असतील? यातलं काय दाखवलं नाही?' एवढे तीन प्रश्न शेजारी बसलेल्याला विचारा. त्यावर घरात कडाक्याचं भांडण जुंपलं, तर माहितीपट चांगला होता असं खुशाल समजा.